भाग जात नाही

भोपाळच्या टाउनशिपमधल्या मराठी शाळेत चौथीच्या प्रत्येक मुलाने घरून एकेक चिंचोका आणला होता. डब्यात चोवीस होते. आपली लेक रेवा तापाने गेल्यानंतर बाई पहिल्यांदाच तिच्या वर्गावर आल्या. लाल नेलपॉलिशने रंगवलेला रेवाचा चिंचोका त्यांनी आधी पदराच्या गाठीत बांधला, मग डबा पालथा केला. “यांचा एक तृतीयांश किती?” मुलांनी तीन ढीग केले, मोडले, परत केले. दोन ढिगांत आठ, तिसऱ्यात सात. “बाई, भाग जातच नाही.” “का?” “रेवा गेली ना, म्हणून,” तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली. कारखान्याचा भोंगा वाजला. “तिला धरा ना, बाई. मग जातो.” बाईंनी गाठ सोडून चिंचोका तिसऱ्या ढिगात ठेवला. “आता किती?” “आठ!” सगळे एका सुरात ओरडले. बाईंना चोवीस आवाज ऐकू आले.