लांबून आलेली पाहुणी

तोकुएने चाकांची बॅग घराबाहेर काढली, सार्वजनिक न्हाणीघराच्या कोपऱ्याला वळसा घालून अख्खी गल्ली फिरवली आणि शेजारच्याच दारात आणून उभी केली. दोन घरांत भिंत एकच होती. पण बुकिंग केलेला पाहुणा काही भिंतीतून येत नाही.

शिझुनोने दार सरकवलं. इतक्या वर्षांची शेजारीण, पण चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. क्योतोत वाढलेली बाई ती, मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही.

"या, या. लांबून आलात?"

"हो ना. बरंच लांबून."

"दमला असाल."

"प्रवास म्हटला की व्हायचंच."

शिझुनोने आपलं जुनं लाकडी घर पर्यटकांना राहायला द्यायचं काढल्यापासून तोकुएच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दोन्ही घरं एकाच सुताराच्या हातची, दर्शनी जाळीच्या पट्ट्याही सारख्याच. पण लोक फोटो काढत ते शिझुनोच्या जाळीचे, आणि तोवर बॅगा टेकवून ठेवत त्या तोकुएच्या जाळीला. या घरात एक, फक्त एक खोट सापडली की तिची झोप परत येणार होती.

तिने तुळईवरून बोट फिरवलं. धूळ नाही. चटया हुंगल्या. ताज्या गवताचा वास. चटका बसेल या आशेने टबात उतरली, तर पाणी हवं तेवढंच गरम. मेलीने मागच्या अंगणातल्या शेवाळालासुद्धा वळण लावलं होतं.

जेवण आटोपून ती चरफडत आडवी झाली, तोच भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. तिने कान लावला. क्युझो! तिचा नवरा. भात आणि दंतवैद्य, या दोघांपुढेच तोंड उघडणारा माणूस. एकटाच खदखदून हसत होता. मग गायलाही लागला. बऱ्यापैकी सुरात. आणि हेसुद्धा शिझुनोच्याच घरातून चांगलं ऐकू येत होतं.

सकाळी शिझुनो दारापुढची पानं झाडत होती. गल्लीचा रिवाज असा, की आपल्यापुढचं झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर पुढे जायचं. कमी झाडलं तर माणूसघाणेपणा, जास्त झाडलं तर टोमणा. शिझुनो बरोबर वितीवर थांबली. पलीकडे तोकुएच्या दारात पानांचा खच. क्युझोला दारापुढचं झाडायचं बजावून आली होती ती. आतून त्याचं गुणगुणणं तेवढं येत होतं.

"काही गैरसोय?" शिझुनोने विचारलं.

"तशी नाही. पण तुमच्या शेजारचा माणूस फार हसतो."

"अगंबाई! आम्हाला तर इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नाही." शिझुनोने जरा विचार केला. "बायको गावाला गेली असेल."

तोकुएने तिच्या हातातला झाडू घेतला. हद्द ओलांडली, वीत ओलांडली आणि झाडत झाडत थेट स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

"अहो, पाहुण्यांनी इतकं नाही झाडायचं," मागून शिझुनो म्हणाली. "शेजारीण काय म्हणेल?"