रंगमास्तरांचा जावई

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या कापड मिलमधले रंगमास्तर दाऊद साळवे यांची एकच इच्छा होती. मुलीचा, एस्तेरचा, बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, तिथेच तिचं लग्न लागावं. पण होणारा जावई किरण मॉर्मन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचा होता आणि पाळकसाहेबांनी अट घातली होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे, हे त्याने मंडळीसमोर कबूल करायचं.

"आम्हीही तिघांना मानतो, काका," चहाचा कप हळूच बाजूला सारत किरण म्हणाला. "पण ते तिघं वेगवेगळे आहेत, मनाने मात्र एक."

"अरे, टाकीत तीन रंग ओतल्यावर ते वेगळे काढता येतात का?"

"रंग एकमेकांशी बोलत नाहीत, काका. येशू तर पित्याशी बोलतो."

मास्तर हसले. "उदाहरण माझं चुकलं असेल, देव एकच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तुमच्या पंथात चहा चालत नाही, तेही चालवून घेतलं. एकदा तोंडाने हो म्हण. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

"देव बघतो, काका. तुमचाही आणि माझाही. तुम्ही लग्न मोडलंत तरी मला तिथे उभं राहून खोटं बोलता येणार नाही."

 मास्तरांनी पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, पोरगा देवाच्या बाबतीत साफ चुकतोय. पण पोरगी त्यालाच द्यायची. लग्न कोर्टात लावतो, तुम्ही जेवायला या."