दोन पोटांची शिट्टी

तिने फुंकर घातली आणि शिट्टी गोड वाजली. गोड वाजायला नको होती.

पुन्हा फुंकली. पुन्हा तेच. एकच सूर, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. तिने शिट्टी खिडकीपाशी नेली. मातीचे दोन पक्षी, खांद्याला खांदा चिकटलेले, दोघांना मिळून एक शेपूट. फुंकायचं त्या शेपटीत. दोघांच्या छातीवर एकेक भोक. डाव्याच्या भोकाची कड कालपर्यंत काळपट होती. आज ती लाल दिसत होती, खरचटलेल्या गुडघ्यासारखी.

नवरा पलीकडे एका नव्या बासरीच्या भोकातून कानस फिरवत होता. बासऱ्या करणं हा त्याचा धंदा. बेसूर बासरी त्याच्या हातून कधी दाराबाहेर गेली नव्हती.

"अहो, हिला हात लावलात तुम्ही?"

"कळलं ना लगेच?" तो खुशीत वळला. "डावा जरा उतरलेला होता. कानसेचे चार हात मारले, आला वर. आता बघ, दोघे कसे एका गळ्याने गातात!"

तिने शिट्टी फडक्यावर ठेवून दिली. हातात राहिली असती तर तिने ती त्याच्या डोक्यात घातली असती, आणि फुटली असती शिट्टीच.

"उतरलेला नव्हता हो तो! तसाच होता! मुद्दाम केलेला होता!"

जुन्या बाजारातल्या माणसाने ती मीठ-मिरपुडीचं भांडं म्हणून विकली होती. ही जुनी शिट्टी आहे, हे ओळखलं तिने. एका भोकातून बारीक वाळू भरली, दुसऱ्यातून कणही बाहेर आला नाही. म्हणजे पोटं दोन, मधे भिंत. मग डाव्या पोटातली वाळू उजव्यात ओतली, तर ती वर सांडली. बाहेरून पक्षी तंतोतंत सारखे, आतून एकाचं पोट लहान.

"का केलं असेल घडवणाऱ्याने असं?" तिचा आवाज चढत गेला. "सूर जवळ यावेत, पण एक होऊ नयेत म्हणून! मग ते एकमेकांना घासतात, आणि मधे तिसरंच काहीतरी थरथरायला लागतं. ते डाव्याच्या पोटात नसतं, उजव्याच्याही नसतं. तेवढ्यासाठी ही शिट्टी जन्माला घातली हो त्याने! आणि तुम्ही नेमकं तेच पुसून टाकलंत!"

"मला वाटलं, चुकलंय त्याचं."

"त्याचं चुकलं, आणि तुमचं बरोबर! आत्ता संग्रहालयातल्या बाई येतील. त्या म्हणतात, दोन खेळणी चिकटवली असतील कुणी; ती थरथर ऐकवा, मग मानते. काय ऐकवू त्यांना? तुमची कानस? कान सोन्याने मढवून ठेवा तुमचे! दिसेल ते सुरात आणता. उद्या मलाही आणाल!"

"तुला कोण आणणार," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"ओरडू नका रे!" आतल्या खोलीतून सासूबाई कडाडल्या. "जप चुकला माझा! आठवडाभर त्या मेल्या शिट्टीने कवळी थरथरवली माझी. आज कुठे देवाला दया आली, गोड वाजली, तर आता तुम्ही दोघं सुरू!"

दोघांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"किती घासलंत?" तिने हळू विचारलं.

"ते कोण मोजतं? कानाने घासलं."

"मग आता कानानेच भरा. तुमच्या नाही, आईंच्या. कवळी थरथरली की थांबायचं."

बासरीचं चुकलेलं भोक बुजवायचं मेण त्याच्या खणात होतंच. त्याने केसाएवढी कड डाव्या भोकाला लावली. तिने सासूबाईंच्या दाराशी उभं राहून फुंकर घातली. सूर पाळण्यासारखा संथ हलायला लागला. आत जप चालू.

"अजून."

त्याने लावलं. पाळण्याला वेग आला. आत जप चालूच.

"अजून."

त्याचा हात अडला. "अगं, आता बेसूर होईल."

"होऊ दे!"

जन्मभर सूर जुळवलेली ती बोटं. त्याने डोळे मिटून मेण लावलं. तिने पाहिलं, पण तिला दया आली नाही. शिट्टी ओढून घेतली आणि सगळा राग त्या शेपटीत फुंकला.

आत माळ खाली आपटली.

"बंद करा! बंद करा ते! कवळी सुटली माझी!"

"तिथेच," ती म्हणाली. "बस्स. तिथेच."

सवयीने त्याचं बोट मेणाच्या कडेकडे गेलं. जरासं दाबलं असतं, तर... तिने त्या बोटावर फाडकन चापट मारली.

"खबरदार! मेण कुणी लावलं ते मी बाईंना सांगणार आहे. का लावावं लागलं, तेही."

"सांग."

"आणि माझा राग गेलेला नाही."

"दिसतंय."

दारावरची घंटा वाजली. ती उघडायला निघाली, तोच आतल्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. बोळकं घट्ट मिटलेलं, डोळे रागाने लाल, कवळी पदराच्या टोकात धरलेली. सुनेकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं.

"एकदाच सांगा," त्या म्हणाल्या. "त्या बाईपुढे दात घालून बसायचं, का काढून?"