पितळी नटावरची रेघ

तिसऱ्यांदा तोच नट ओला निघाला, तेव्हा भीमराजचं डोकंच फिरलं.

उद्धवरावांची सत्तेचाळीस सालची विलायती मोटार. पेट्रोलची तांब्याची नळी पंपाला जिथं जोडते, तिथला पितळी नट सैल पडायचा. मग पंप पेट्रोलऐवजी हवा ओढायचा आणि गाडी दारातच घरघर करून बसायची. तीही नेमकी रविवारी. आठवडाभर भैरू ड्रायव्हर तीच गाडी भोसरीभर फिरवायचा, तेव्हा थेंब नाही. रविवारी भैरूला सुट्टी. उद्धवराव स्वतः नातवंडांना घेऊन चाकणच्या मळ्यावर निघायचे, की झालंच!

पहिल्यांदा भीमराजनं आट्यांत साबण चोळला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, सगळे मेकॅनिक तेच करतात. दुसऱ्यांदा नळीचं तोंड कापून नव्यानं फुलवलं. पण उद्धवरावांना वाटलं, हा मुद्दाम काम कच्चं ठेवतो. या खेपेला त्यांनी नटावर बोट फिरवून वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या रविवारी गाडी निघाली नाही, तर शेड रिकामी कर."

शेड त्यांचीच. आकुर्डीच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडून भीमराजनं तिथं गॅरेज थाटलं होतं. त्या रात्री त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं एवढंच विचारलं, की कंपनी परत घेईल का.

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते भैरूपाशीच. पेट्रोल काढून विकत असणार, दुसरं काय! भीमराजनं त्याला गाठून सरळ विचारलं.

"आमी कशाला हात लावू?" भैरू एवढंच बोलला आणि गेला.

भीमराजला कंपनीतली एक पद्धत आठवली. नट आवळला, की त्यावरून नळीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढायची. नट कुणी हलवला तर रेघ तुटते. शनिवारी भैरू चहाला गेल्यावर त्यानं नट पक्का आवळला, रेघ ओढली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बोलावणं आलंच. नट ओला, आणि रेघेचे सरळ दोन तुकडे! भीमराजला खरंच आनंद झाला. सुट्टी असून भैरूही तिथंच घुटमळत होता, तोंड उतरलेलं. सापडला चोर. नातवंडं मागच्या सीटवर बसून निघायची वाट बघत होती.

"कोण, भीमराज का?" उद्धवरावांनी चार पावलांवरून विचारलं.

"होय साहेब. जरा वाकून बघा. काल मी इथं लाल रेघ ओढली होती. ती तुटलीय. नट कुणीतरी पान्यानं सैल केलाय."

भैरूनं मान खाली घातली.

उद्धवराव वाकले. नाक इंजिनाला टेकेपर्यंत वाकले. बराच वेळ निरखून त्यांनी भलतीकडेच, चोकच्या तारेवर बोट ठेवलं.

"ही काय रेघ. सरळ आहे की. मला काय दिसत नाही?"

भीमराजनं वर पाहिलं. मालकांच्या पाठीमागं भैरू हात जोडून उभा होता. त्यानं नजरेनंच मागच्या सीटवरची नातवंडं दाखवली.

"माझंच काम कच्चं राहिलं, साहेब," भीमराज म्हणाला. "आजही गाडी निघायची नाही. शेड उद्या रिकामी करतो."