रायफलची नवी नळी

रानडुकरं मका उद्ध्वस्त करत होती आणि पंचक्रोशीत नेमबाज म्हणून नावाजलेल्या हमासालेहची एकही गोळी लागत नव्हती. "डोळे गेले माझे," म्हणत त्याने जड मनाने रायफल विकायला हलबजाच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणाऱ्या वस्ताद करवानकडे नेली. करवान नळीत डोकावला आणि हसतच सुटला. "मामा, डोळे नाही, नळी गेलीये तुमची. आतून पार झिजलीये!"

नवी नळी बसली. शेताच्या बांधावर ठेवलेलं डाळिंब पहिल्याच गोळीत फुटलं. म्हातारा नाचतच घरात शिरला आणि बायकोला म्हणाला, "पैमान, माझी नजर शाबूत आहे गं!"

कणीक मळणारे पैमानचे हात थांबले.

"म्हणजे मी अजून देखणी दिसते म्हणायचात," ती लाजत म्हणाली, "ते काही डोळे अधू झाले म्हणून नव्हतं तर!"