संगणकाचं झबलं

नलूआत्यांचा संगणक इतका मंद, की सकाळी बटण दाबलं तर पडदा उजळेपर्यंत डाळ शिजून वर फोडणीही बसायची. पण आज गाठ बारशाशी होती. कॅनडात धाकट्या भावाच्या घरी लग्नानंतर पंधरा वर्षांनी पाळणा हलला होता. तासाभरात पडद्यावरून ‘कुर्रर्र’ करून बाळाचं नाव ठेवायचा मान आत्यांचा, आणि संगणक ढिम्म!

दुरुस्तीला आलेल्या मंगलने संगणकाच्या डब्याला हात लावला. “आत्या, तापलाय की हा! लोकरीचं झबलं कशाला घातलंत?”

“धूळ बसू नये म्हणून, बाई. स्वतः विणलंय.”

झबलं उतरवून मंगलने डबा उघडला. आतल्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अन् अक्षता गच्च बसलेल्या.

“दर दसऱ्याला पूजा करते गं त्याची,” आत्या ओशाळल्या.

“म्हणून तर गुदमरलाय!”

पंखा मोकळा झाला आणि संगणक असा उधळला, की आत्यांचं ‘कुर्रर्र’ कॅनडात आधी पोचलं आणि स्वयंपाकघरात मागाहून. बाळ हसलं, आत्या रडल्या.

मंगलला पहिला पेढा भरवत त्या म्हणाल्या, “झबलं धुऊन बाळाला पाठवते. आणि येत्या दसऱ्याला पाटावर तू बसायचं. पूजा तुझी!”