जपून ठेवलेली पावती

महागड्या बाबागाडीचं चाक तिसऱ्याच दिवशी निखळलं, म्हणून मी ती दुकानात परत केली. दुकानदार काका म्हणाले, "पैसे आठवड्यात कार्डावर जमा होतील."

"त्याची पावती?"

"पावती कशाला, ताई? विश्वास ठेवा की."

"विश्वास आहे हो. पण पावती मिळणं हा माझा हक्क आहे." बाळाला कडेवर घेऊन मी तिथेच उभी राहिले. मागे रांग वाढली, तेव्हा कुठे त्यांच्या मशीनमधून वीतभर कागद बाहेर आला.

असल्या पावत्यांवरची अक्षरं महिन्याभरात उडतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून वाटेतच एका झेरॉक्सवाल्याकडे ती लॅमिनेट करायला दिली. मशीनच्या पलीकडून पावती कडक, चकचकीत आणि पूर्ण काळी होऊन आली. उष्णतेने हा कागद काळा पडतो, हे झेरॉक्सवाल्याने नंतर सांगितलं.

पुन्हा दुकान गाठलं. काकांनी ती काळी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"ही तुमचीच पावती आहे," मी म्हणाले. "विश्वास ठेवा ना."

काकांनी दुसरी प्रत काढली आणि वही पुढे सरकवली. "मिळाली म्हणून इथे सही करा."